विश्लेषण : प्रकाशच प्रकाशाला कोंडतो तेव्हा... लेझरने आकाशातली वीज खरेच वळवता येते?

वळवाचे ढग जमू लागले, की समाजमाध्यमांवर एक चित्रफीत हमखास फिरायला लागते. डोंगरमाथ्यावर उंच मनोरा, त्याच्या शेजारून आकाशात घुसलेली लेझरची सरळ रेघ आणि त्या रेघेला धरून जाणारी वीज. खाली मजकूर असतो, ‘शास्त्रज्ञांनी वीज पकडली, आता वीज पडून कोणी मरणार नाही’. या वाक्याचा पहिला अर्धा भाग बराचसा खरा आहे. दुसरा अर्धा अजिबात नाही. पण हा प्रयोग ज्या तत्त्वावर उभा आहे ते तत्त्व त्या चित्रफितीपेक्षाही चमत्कारिक आहे. पुरेसा प्रखर प्रकाश स्वतःचा आकार स्वतः बदलतो, शेजारच्या झोताला ओढतो किंवा ढकलतो आणि भिंग किंवा काचेच्या नळीशिवायच स्वतःला एका बारीक धाग्यात कोंडून घेतो.

सँटिस पर्वतावर नेमके काय झाले?

स्वित्झर्लंडच्या ईशान्य भागात २,५०२ मीटर उंचीचा सँटिस पर्वत आहे. त्याच्या माथ्यावर दूरसंचाराचा १२४ मीटरचा मनोरा असून त्यावर वर्षाला सुमारे १०० वेळा वीज कोसळते. वीज कधी आणि कुठे पडेल याची वाट पाहत बसणाऱ्या संशोधकांना यापेक्षा सोयीची जागा युरोपात मिळणे कठीण. जिनिव्हा विद्यापीठाचे ज्याँ-पिएर वोल्फ आणि फ्रान्सचे ऑरेलियाँ उआर यांच्या चमूने २०२१ च्या उन्हाळ्यात तिथे तीन टनांहून जड लेझर यंत्रणा चढवली. जुलै ते सप्टेंबर या काळात वादळ जवळ आले, की परिसरातली हवाई वाहतूक थांबवायची आणि लेझर सुरू करायचा, असा क्रम होता. अशा वादळी स्थितीत लेझर एकूण जेमतेम सहा तास चालला. या वेळात मनोऱ्यावर चार वेळा वीज झाली.

त्यातली एक, २४ जुलैची, अतिवेगवान कॅमेऱ्यांनी टिपली. कारण त्या वेळी मनोऱ्याभोवती धुके नव्हते. नेहमीप्रमाणे वेडीवाकडी न धावता ती वीज सुमारे ५० मीटर अंतर लेझरच्या झोताला धरून सरळ गेली. बाकीच्या घटनांसाठी रेडिओ लहरींच्या नोंदींवर भिस्त ठेवावी लागली. हे निष्कर्ष जानेवारी २०२३ मध्ये ‘नेचर फोटॉनिक्स’मध्ये प्रसिद्ध झाले.

आकाशातल्या विजेला लेझरने वाट दाखवण्याचा हा पहिला प्रयत्न नव्हता. २००४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोतही असा प्रयोग झाला होता. त्यात ढगाखाली विद्युत हालचाल वाढल्याची चिन्हे दिसली, पण वीज काही वळली नाही. सँटिसमध्ये काय वेगळे होते, ते समजून घेण्यासाठी आधी प्रकाशाकडे वळावे लागेल.

दोन टॉर्चचे झोत एकमेकांना का अडवत नाहीत?

लोडशेडिंगच्या काळात वाढलेल्या प्रत्येकाने हा प्रयोग नकळत केला आहे. दोन टॉर्चचे झोत एकमेकांवर फुलीसारखे टाका. दोन्ही झोत आरपार जातात आणि पलीकडे जणू काही घडलेच नाही असे पुढे निघून जातात. पाण्याच्या दोन धारा अशा वागणार नाहीत. शाळेत आणि इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी शिकवले जाणारे सारे प्रकाशशास्त्र याच गृहीतकावर उभे असते. माध्यम, म्हणजे हवा, पाणी किंवा काच, प्रकाशाला वाकवते, मंद करते. पण प्रकाश माध्यमाला काही करत नाही, असे ते गृहीतक. याला रेषीय प्रकाशशास्त्र म्हणतात. (प्रस्तुत लेखकाने परीक्षेत याच गृहीतकाच्या जोरावर गुण मिळवले आहेत. ते फक्त मंद प्रकाशापुरते खरे आहे, हे त्या वेळी कोणी सांगितले नव्हते.)

प्रकाश ही विद्युत-चुंबकीय लहर आहे. ती अणू-रेणूंमधले इलेक्ट्रॉन हलवते. साध्या प्रकाशात हे हलणे इतके कमी असते, की माध्यमाच्या स्वभावात फरक पडत नाही. प्रखर लेझरच्या झोतात मात्र इलेक्ट्रॉन एवढे ताणले जातात, की माध्यमाचा अपवर्तनांकच किंचित बदलतो. प्रकाश जितका प्रखर, तितका अपवर्तनांक जास्त. विद्युत क्षेत्रामुळे काचेचा अपवर्तनांक बदलतो हे स्कॉटिश शास्त्रज्ञ जॉन केर यांनी १८७५ मध्येच दाखवले होते. म्हणून याला केर परिणाम म्हणतात. हेच काम निव्वळ प्रकाशाकडून करून घ्यायला मात्र लेझरचा शोध लागेपर्यंत थांबावे लागले.

हा बदल अत्यंत किरकोळ असतो. हवेत, सँटिससारख्या प्रयोगातल्या कमाल प्रखरतेलाही, तो लाखात एक-दोन भाग एवढाच भरतो. पण मैलोगणिक उतार किंचितच असला तरी नदी त्याच दिशेने वाहते. प्रकाशाचेही तसेच आहे.

प्रकाश स्वतःचे भिंग कसे तयार करतो?

लेझरचा झोत मधोमध सर्वांत प्रखर असतो आणि कडांना मंद. म्हणजे मधल्या भागात अपवर्तनांक जास्त वाढतो आणि तिथला प्रकाश कडेच्या तुलनेत थोडा मागे रेंगाळतो. बहिर्वक्र भिंगात नेमके हेच होते. भिंग मध्ये जाड असते, त्यामुळे मधला प्रकाश रेंगाळतो आणि किरण आत वळतात. फरक एवढाच, की इथे भिंग काचेचे नाही. झोताने ते वाटेतल्या माध्यमात स्वतःच घडवले आहे आणि झोत पुढे सरकेल तसे तेही सरकते.

याच्या विरोधात एक जुनी शक्ती काम करत असते, ती म्हणजे विवर्तन. कोणताही झोत अंतराबरोबर पसरतो. टॉर्चचा झोत पसरतो आणि लेझरचाही पसरतो, फक्त कमी. स्वतःचे भिंग आत ओढते, विवर्तन बाहेर पसरवते. दोन्ही नेमके बरोबरीत आले, तर झोत ना पसरतो ना आकसतो. स्वतःच खोदलेल्या पाटातून पाणी जावे तसा तो जातो. ही कल्पना १९६४ मध्ये रेमंड चिआओ, एल्सा गार्मायर आणि चार्ल्स टाउन्स यांनी मांडली. लेझरच्या मूळ कल्पनेसाठी टाउन्स यांना नोबेल मिळाले तेही त्याच वर्षी.

या समतोलातली एक गोष्ट सहज पटत नाही. झोत रुंद आहे की अरुंद, याने काही बिघडत नाही. महत्त्वाची असते ती एकूण शक्ती. झोत दुप्पट रुंद केला, तर प्रखरता चौपट घटते आणि भिंग दुबळे होते. पण रुंद झोत पसरतोही त्याच प्रमाणात कमी. त्यामुळे प्रत्येक माध्यमासाठी एक ठरावीक शक्ती असते. तिच्या खाली झोत पसरतो, तिच्या वर तो आकसत जातो. काचेत ही मर्यादा काही मेगावॉटची आहे. हवेत ती, रंग आणि स्पंदाच्या कालावधीनुसार, साधारण ३ ते १० गिगावॉट. आपल्या कोयना प्रकल्पाची पूर्ण क्षमता १,९६० मेगावॉट, म्हणजे दोन गिगावॉटहूनही कमी आहे.

मग एवढी वीज सँटिसच्या डोंगरावर आली कुठून? उत्तर कालावधीत आहे. तिथल्या लेझरच्या एका स्पंदात सुमारे अर्धा ज्यूल ऊर्जा होती. शंभर ग्रॅमचा कांदा जमिनीवरून अर्धा मीटर उचलायला लागते तेवढीच. पण ही ऊर्जा एका पिकोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागात, बाहेर पडत होती. एवढ्या वेळात प्रकाशही फक्त ०.३ मिलिमीटर पुढे जातो. भागाकार केला की ५०० गिगावॉट येतात. भारतातल्या सगळ्या वीज प्रकल्पांची मिळून क्षमता याच घरात आहे. सेकंदाला अशी हजार स्पंदने सोडली, तरी सरासरी शक्ती ५०० वॉट. स्वयंपाकघरातला मिक्सर साधारण तेवढीच घेतो.

असे स्पंद तयार करणे हीच मोठी अडचण होती. स्वतःहून आकसणारा प्रकाश लेझरच्या आतल्याच काचा जाळून टाकायचा. १९८५ मध्ये डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी तोडगा काढला. स्पंद आधी वेळेत ताणून लांब आणि सौम्य करायचा, मग त्याची शक्ती वाढवायची आणि अगदी शेवटी पुन्हा दाबून छोटा करायचा. यासाठी दोघांना २०१८ चे नोबेल मिळाले.

आकसत जाणारा झोत थांबतो कुठे?

मर्यादेपलीकडे गेलेला झोत स्वतःला आवळत जातो. आवळला की प्रखरता वाढते, प्रखरता वाढली की भिंग आणखी ताकदवान होते. काचेत याचा शेवट जळालेल्या रेघेने होतो. हवेत तसे होत नाही. प्रखरता एका टप्प्यावर पोहोचली, की हवेतल्या ऑक्सिजन आणि नायट्रोजनच्या रेणूंमधून इलेक्ट्रॉन सुटू लागतात आणि प्लाझ्मा तयार होतो. प्लाझ्मा अपवर्तनांक कमी करतो, म्हणजे उलट्या, अंतर्वक्र भिंगासारखा वागतो. झोत थोडा सैल होतो, प्लाझ्मा घटतो, झोत पुन्हा आवळतो. या ओढाताणीतून सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीचा, केसाएवढा प्रकाशाचा तंतू तयार होतो. तो हवेत दहा-वीसच नव्हे, तर शेकडो मीटरही टिकू शकतो. अशा तंतूंचा हवेतला पहिला स्पष्ट पुरावा १९९५ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या प्रयोगात मिळाला.

तंतूच्या गाभ्यात झोताच्या ऊर्जेचा छोटासा हिस्साच असतो. बाकीची ऊर्जा भोवताली फिकट वलयासारखी पसरलेली असते आणि तिथून गाभ्याला रसद मिळत राहते. म्हणून पाण्याचा एक थेंब गाभ्याच्या अगदी वाटेत आला, तरी तंतू तुटत नाही. थेंबाच्या पलीकडे तो पुन्हा उभा राहतो. ढगात आणि पावसात लेझर चालवायचा विचार तरी करता येतो तो यामुळेच.

दोन झोत शेजारी आले तर?

इथे टॉर्चचा नियम पूर्णपणे मोडतो. दोन झोत शेजारून जात असतील आणि त्यांच्या लहरी एका तालात असतील, तर मधल्या जागेत दोन्ही मिळून प्रकाश वाढतो, तिथला अपवर्तनांक वाढतो आणि दोघेही मध्याकडे झुकतात. पुरेसे जवळ असले तर एकरूप होतात. ताल उलटा असेल, तर मधली जागा काळोखी होते आणि झोत एकमेकांपासून दूर सरकतात. विशिष्ट कोनात सोडलेले दोन झोत दोरीच्या पेडांसारखे एकमेकांभोवती वळताना १९९० च्या दशकात खास स्फटिकांमध्ये दिसले.

झोत वेगवेगळ्या रंगांचे असतील तर तालाचा प्रश्न उरत नाही, पण प्रभाव उरतो. एवढेच नव्हे, तर काचेसारख्या माध्यमात एक झोत स्वतःसाठी अपवर्तनांक जितका बदलतो, त्याच्या दुप्पट बदल दुसऱ्या रंगाच्या झोताला जाणवतो. त्यामुळे एकट्याने टिकू न शकणारा मंद झोत प्रखर झोताच्या पाटात अडकून पुढे जाऊ शकतो.

सँटिसच्या लेझरची शक्ती हवेच्या मर्यादेच्या कितीतरी पट होती. त्यामुळे तिथे एक नव्हे, अनेक तंतू एकाच वेळी तयार होत होते. ते एकाच वलयातून रसद खेचतात, मिसळतात, तुटतात, पुन्हा बनतात. बाहेरून आपल्याला एक सरळ रेघ दिसते. आत मात्र असा गोंधळ चालू असतो.

अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात हॉवर्ड मिल्चबर्ग यांच्या गटाने या गोंधळाला शिस्त लावली. त्यांनी तंतू वर्तुळात, बांगडीसारखे मांडले. प्रत्येक तंतू आपल्या जागेवरची हवा तापवून विरळ करतो, मधली हवा दाट राहते. दाट गाभा आणि भोवती विरळ आवरण, म्हणजे झाला हवेचाच ऑप्टिकल फायबर! त्यातून मागाहून सोडलेला दुसरा झोत न पसरता जातो. २०१४ मध्ये एका मीटरहून कमी अंतरावर जमलेली ही करामत २०२३ पर्यंत सुमारे ४५ मीटरवर गेली. प्रयोगशाळा अपुरी पडल्याने त्यासाठी विद्यापीठाच्या इमारतीचा लांब कॉरिडॉर वापरावा लागला.

विजेला ही वाट का पसंत पडते?

प्लाझ्मा विजेचा वाहक आहे, म्हणून वीज तिथून जाते, हे उत्तर सोपे आहे पण अपुरे. हवेत सुटलेले इलेक्ट्रॉन काही नॅनोसेकंदांत पुन्हा रेणूंना चिकटतात. आकाशातल्या विजेला वाट शोधायला यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. टिकते ती उष्णता. तंतूने तापवलेली हवा बाजूला फेकली जाते आणि मागे विरळ हवेची नळी काही मिलिसेकंद राहते. विरळ हवेत इलेक्ट्रॉनला दोन धडकांमध्ये जास्त मोकळी धाव मिळते, त्यामुळे ठिणगी कमी विद्युत दाबालाही पुढे सरकते.

सँटिसचा फरक इथेच होता. आधीच्या प्रयोगांतले लेझर सेकंदाला दहाच्या आसपास स्पंद सोडत. प्रत्येक नळी पुढचा स्पंद येण्याआधीच विरून जायची. सेकंदाला हजार स्पंद म्हणजे दर मिलिसेकंदाला एक, त्यामुळे नळी बुजायच्या आतच पुन्हा खोदली गेली.

विजेला अशी आयती वाट मिळाल्याचे एक गाजलेले उदाहरण सँटिसच्या प्रयोगाच्या किती तरी आधीचे आहे. १४ नोव्हेंबर १९६९ रोजी अपोलो-१२ उड्डाणानंतर ३६ सेकंदांतच विजेच्या तडाख्यात सापडले. यानाने आणि त्यामागच्या तप्त वायूच्या शेपटीनेच ती वीज ओढून घेतली होती.

तुमच्या मोबाइलशी याचा काय संबंध?

हा लेख तुमच्यापर्यंत आला त्या वाटेचा बराचसा भाग काचेच्या फायबरमधून गेला. त्यातला गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा असतो आणि त्यातून डझनावारी रंगांचे लेझर एकाच वेळी माहिती वाहून नेतात. प्रत्येकाची शक्ती काही मिलिवॉटच असते, पण ती अतिशय चिंचोळ्या जागेत आणि शेकडो किलोमीटर कोंडलेली असते. त्यामुळे एका रंगाचा प्रकाश शेजारच्या रंगासाठी काच किंचित बदलतो आणि शेजाऱ्याचा संदेश विस्कटतो. संदेश स्पष्ट पोहोचावा म्हणून शक्ती वाढवावी, तर एका टप्प्यानंतर चुका कमी होण्याऐवजी वाढतात. समुद्राखालच्या केबलची क्षमता वाढवताना नुसती शक्ती वाढवून भागत नाही, जास्त फायबर टाकावे लागतात, त्याचे हे एक कारण आहे.

याच परिणामाचा उलटा फायदाही घेता येतो. फायबरमध्ये न पसरता जाणारा ‘सॉलिटॉन’ नावाचा स्पंद शक्य आहे, हे अकिरा हासेगावा आणि फ्रेडरिक टॅपर्ट यांनी १९७३ मध्ये गणिताने दाखवले आणि १९८० मध्ये तो प्रत्यक्ष दिसला.

मग शेतातल्या माणसाला याचा उपयोग आहे का?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात वीज पडून २,८८७ जणांचा मृत्यू झाला. त्याच अहवालात नैसर्गिक आपत्तींमुळे झालेल्या एकूण मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून अधिक मृत्यू विजेचे आहेत. बळी जातात ते प्रामुख्याने उघड्यावरचे. शेतकरी, शेतमजूर, गुराखी, झाडाखाली आडोशाला थांबलेले लोक.

सँटिसचा लेझर यांच्यासाठी नाही, आणि त्याच्या निर्मात्यांनीही तसा दावा केलेला नाही. तिथल्या विजा मनोऱ्याच्या टोकातून वर ढगाकडे जाणाऱ्या होत्या. शिवारात माणसाचा जीव घेते ती वीज ढगातून खाली येते. लेझरने वीज निर्माण केली किंवा ढगातला भार उतरवला, असेही सिद्ध झालेले नाही. झालेली वीज काही अंतर वळवली, एवढेच दिसले. शिवाय घटना फक्त चार. अशा संख्येवरून मोठा निष्कर्ष काढायचा नसतो.

या तंत्राचा खरा ग्राहक विमानतळ, प्रक्षेपण तळ, वीज केंद्रे आणि तेलसाठे हा आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांच्या काळापासून चालत आलेली तडितरक्षक सळई साधारणपणे आपल्या उंचीइतक्याच त्रिज्येचे रक्षण करते. दहा मीटरची सळई दहा मीटर परिसर सांभाळते. धावपट्टीच्या मधोमध शंभर मीटरचा खांब उभारता येत नाही. प्रकाशाचा खांब मात्र हवा तेव्हा उभारता आणि हवा तेव्हा विझवता येतो. सँटिसच्या मनोऱ्याचे संरक्षण १२० मीटरवरून १८० मीटर त्रिज्येपर्यंत वाढले, असा संशोधकांचा अंदाज आहे. दहा मीटरच्या सळईला पाचशे मीटर लांबी द्यायची, हे त्यांचे पुढचे उद्दिष्ट आहे. तोवर स्पर्धाही आहेच. जपानच्या एनटीटी कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये तार जोडलेला ड्रोन ढगाखाली उडवून त्यावर वीज पाडून दाखवली. हा मार्ग लेझरच्या तुलनेत साधा वाटतो.

आपल्याकडे सध्या हाताशी असलेले साधन पुण्यातूनच आले आहे. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने देशभर ८० हून अधिक ठिकाणी वीज टिपणारे संवेदक बसवले आहेत. त्यांच्या नोंदींवर चालणारे ‘दामिनी’ हे मोफत ॲप आपल्या जागेच्या आसपास, २० ते ४० किलोमीटरच्या टापूत, वीज होत असल्याचा इशारा देते. ॲप नसेल तर मोजणी करता येते. लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर जातो, त्यामुळे ३० सेकंदांच्या आत गडगडाट आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा पक्क्या घरात किंवा चारचाकीत जायचे, झाडाखाली नाही. आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचे नाही.